वडिलांकडून आलेला उजेड

हेमांगी गांगुर्डेच्या मनगटावरचा ठिपका सोनेरी पेटला, तेव्हा ती परिवहन कार्यालयाच्या खिडकीसमोर उभी होती. नाशिकमध्ये तिचं स्वतःचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि शिकवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करायला ती आली होती. नव्या नियमाप्रमाणे खिडकीतल्या मुलीने जांभळा दिवा मनगटावर धरला, फोनवर आलेला आकडा पाहिला, पुन्हा दिवा धरला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तुम्ही डॉक्टरांना दाखवून घ्या. पुढच्या आठवड्यात वगैरे नको. आजच जा."

त्या ठिपक्याला सगळे गोंदणच म्हणायचे. तिळाएवढे दोन ठिपके, शेजारी शेजारी, सुईने कातडीत सोडलेले. एरवी दिसायचेही नाहीत. जांभळ्या उजेडात मात्र एक ठिपका कायम निळा दिसे आणि दुसरा रक्तात कोलेस्टेरॉल जितकं जास्त तितका सोनेरी पेटे. निळ्याशी तुलना करून फोन आकडा सांगत असे. सरकारी शिबिरांतून शहरांतल्या बहुतेकांची गोंदणं झाली होती आणि त्यांचे नको ते परिणामही दिसू लागले होते. मुलगी बघायला आलेली माणसं खिशात जांभळा दिवा ठेवत. लांब बाह्यांचे ब्लाउज पुन्हा आले होते. गणपतीच्या मिरवणुकीत एका मंडळाने जांभळे झोत सोडले आणि नाचणाऱ्यांचे उंचावलेले हात गर्दीत सोनेरी चमकू लागले, तेव्हापासून पोलिसांनी मिरवणुकीत तसल्या झोतांवर बंदीच घातली होती.

हेमांगीने या सगळ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ती सडपातळ होती, रोज पहाटे चालायला जायची, तळलेलं फारसं खायची नाही. शिबिर दारात आलं म्हणून महिन्यापूर्वी तिने गोंदून घेतलं होतं, इतकंच. ठिपके स्थिरावायला आठवडा लागतो असं सांगितलं होतं आणि नंतर दिवा धरून बघायचं राहूनच गेलं होतं.

डॉक्टर फरीदा इनामदार यांनी रक्त घेऊन पुन्हा तपासणी केली. आकडा तोच आला.

"हे खाण्यापिण्याचं नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या यकृताच्या पेशींवर लहान लहान दारं असतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल त्या दारांतून आत ओढलं जातं. तुमची निम्मी दारं जन्मापासून बंद आहेत. त्यामुळे ते रक्तातच फिरत राहतं आणि हृदयाच्या नळ्यांना आतून थर चढत जातो. माणूस बारीक असो, निरोगी दिसो, फरक पडत नाही."

"आणि या ठिपक्याला ते कळतं कसं?"

डॉक्टर हसल्या. हा प्रश्न त्यांना आवडत असावा. "गोंदणात कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात. साखर विशिष्ट पद्धतीने भाजूनसुद्धा ते करता येतात. जांभळा प्रकाश पडला की ते सोनेरी उजेड देतात, हा त्यांचा गुण. आता प्रत्येक कणाभोवती स्टार्चपासून केलेल्या वाट्या जोडलेल्या आहेत. डोळ्याला कधीच दिसणार नाहीत इतक्या लहान. त्या वाट्यांमध्ये दुसराच एक रेणू बसवून ठेवलाय, आणि तो कणाचा उजेड गिळून टाकतो. पण वाटीचा आकार कोलेस्टेरॉलला त्याच्यापेक्षा जास्त नेमका बसतो. रक्तातलं थोडं कोलेस्टेरॉल कातडीखालच्या पाण्यात झिरपतं, वाटीपाशी येतं आणि उजेड गिळणाऱ्याला बाहेर ढकलून स्वतः आत बसतं. जितक्या वाट्या मोकळ्या, तितका उजेड."

मग त्यांनी कागद पुढे ओढला. "आईचं गोंदण?"

"नॉर्मल आहे. शिबिरात बघितलं होतं."

"वडील?"

वडिलांबद्दल सांगताना हेमांगीला कधी विचार करावा लागत नसे. ती गोष्ट नाशिक डेपोतले जुने लोक अजून सांगत. भागवत गांगुर्डे एसटीचे ड्रायव्हर होते. नाशिकहून सुरगाण्याच्या पलीकडे कोंडाईपाड्याला जाणारी मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची. संध्याकाळी गाडी पाड्यावर पोचायची, पहाटे परत निघायची. तीस वर्षांपूर्वी, अशाच एका पहाटे परत येताना, घाटात त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गाडीतल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. हेमांगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

"त्यांच्या पापण्यांवर, नाकाकडच्या बाजूला, पिवळसर चट्टे होते का?"

हेमांगीला आठवलं. होते. आई त्यांना भाग्याची खूण म्हणायची.

"म्हणजे त्यांच्याकडूनच आलं," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरू नका. तुमच्या नळ्या अजून मोकळ्या आहेत, बायकांना हे जरा उशिरा गाठतं. सहा महिन्यांतून एक इंजेक्शन घ्यायचं, बस्स. गाडी चालवायलाही हरकत नाही, तसा दाखला देते. पण एक गोष्ट महत्त्वाची आहे. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला हे येण्याची शक्यता निम्मी असते. तुम्हाला भाऊ-बहीण?"

"नाही," हेमांगी म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं नाही. हेमांगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक आहे. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत."

कोंडाईपाड्याला वडिलांचं दुसरं घर होतं. हे तिला चौदाव्या वर्षी एका लग्नात दोन आत्यांच्या कुजबुजीतून कळलं होतं. बाईचं नाव कांताबाई अहिरे, मुलाचं ललित. हेमांगीने ते आईला कधी विचारलं नाही आणि आईने कधी सांगितलं नाही. दोघी ते न बोलता मनात वागवत राहिल्या.

ड्रायव्हर लोकांचं जग लहान असतं. हेमांगीने दोन फोन केले आणि तिला कळलं की ललित अहिरे शाळेची मिनीबस चालवतो. रोज सकाळी पाड्यापाड्यांवरून मुलं गोळा करतो आणि घाट उतरून शाळेत सोडतो. त्याच घाटातून.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. विमलबाई मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"तुला इंजेक्शन देणार ना? मग झालं तर."

"आई, त्यालाही असू शकतं."

"असेल."

"तो शाळेची गाडी चालवतो. मुलं असतात गाडीत."

विमलबाईंचा हात थांबला. "त्याला सांगायला सरकार आहे, डॉक्टर आहेत. तूच कशाला?"

"डॉक्टरांनी कळवलं की नोंद होते. नोंद झाली की परवाना अडकतो. जूनपासून प्रवासी गाडीच्या प्रत्येक ड्रायव्हरचं मनगट तपासणार आहेत, पण तिकडे अजून शिबिरच झालेलं नाही. त्याला आधी कळलं तर तो काय ते स्वतः ठरवेल. एकदम कोणीतरी येऊन गाडीवरून उतरवण्यापेक्षा बरं."

"आणि त्याने ऐकलं नाही तर?"

हेमांगी मेथीच्या काड्या गोळा करू लागली.

"जायचं तर जा," विमलबाई म्हणाल्या. "मला येऊन काही सांगू नकोस."

डॉक्टर इनामदारांनी तिला तपासणीच्या पट्ट्या दिल्या. गोंदण नसलेल्यांसाठी त्याच कणांचा थर दिलेल्या कागदी पट्ट्या होत्या. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा आणि अंधारात जांभळा दिवा धरायचा. फोन नाही, नोंद नाही. "त्याने नको म्हटलं तर आग्रह करू नका," त्यांनी बजावलं. "न कळण्याचाही माणसाला हक्क आहे. फक्त त्या हक्काबरोबर मिनीबस आली की माझं मलाच कळत नाही काय म्हणावं."

रविवारी दुपारी ती कोंडाईपाड्याला पोचली. शाळेची पिवळी मिनीबस एका कौलारू घरासमोर उभी होती आणि एक उंच माणूस नळीने तिची चाकं धूत होता. त्याने मान वळवली आणि हेमांगीला पट्टीची गरज उरली नाही. त्याच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाकडच्या बाजूला, लोण्याच्या रंगाचे चट्टे होते.

"कोण पाहिजे?"

"ललित अहिरे?"

"मीच."

"मी हेमांगी. भागवत गांगुर्ड्यांची मुलगी."

त्याने नळ बंद केला. हात पँटला पुसले. "जमिनीचं काही असेल तर आमचं काही मागणं नाही. तेव्हाही नव्हतं."

"जमिनीचं नाही. तब्येतीचं आहे. माझ्या आणि तुमच्याही."

आतून एक म्हातारी बाई दारात आली. तिने हेमांगीकडे नीट पाहिलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याच कांताबाई. खाटेवर घडी केलेली घोंगडी टाकून त्यांनी बसायला खुणावलं.

हेमांगीने सांगायला सुरुवात केली. यकृताची दारं, नळ्यांवरचा थर, निम्मी शक्यता. शिकाऊ माणसाला क्लच समजावताना ती जशी सावकाश बोलायची तशी बोलली. ललितने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मला काही त्रास नाही," शेवटी तो म्हणाला. "भाताची पोती एकटा चढवतो."

"त्यांनाही नव्हता."

"आणि हे पेटलं तर? गाडी जाणार."

"जूनमध्ये तपासणी होईल तेव्हा तसंही कळेलच. पट्टीची नोंद कुठेच होत नाही. बघायचं की नाही, बघितल्यावर कोणाला सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त पट्टी घेऊन आलेय."

ललित हसला, पण त्यात गंमत नव्हती. "फक्त पट्टी घेऊन आलात म्हणे. तुम्ही तोंड उघडलं तेव्हाच मला कळलं ना. आता नको म्हटलं तरी उद्या घाटात प्रत्येक वळणावर हेच डोक्यात राहणार. न कळलेला माणूस मी आता कसा होऊ?"

हेमांगीला याचं वाईट वाटलं. तो म्हणत होता ते खरं होतं. इथे येतानाच तिने त्याच्यासाठी निम्मा निर्णय घेऊन टाकला होता, आणि वाटभर ती स्वतःला उलटंच सांगत आली होती.

"लाव," कांताबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

दार लोटलं, खिडकीला चादर लावली. हेमांगीने आधी स्वतःच्या बोटाला टोचून एक पट्टी तयार केली, म्हणजे त्याला तुलना करता येईल. मग त्याची. दोन्ही पट्ट्या पाटावर शेजारी ठेवल्या आणि जांभळा दिवा धरला. तिची पट्टी सोनेरी झाली. त्याची त्याहून जास्त. इतकी, की पाटाच्या लाकडावर उजेडाचा डाग पडला.

कांताबाई एका पट्टीकडे बघत, मग दुसरीकडे. बराच वेळ. जणू दोन मुलांचे चेहरे बघून ती कोणावर गेलीत ते ठरवत होत्या.

ललितने चादर काढली. "इंजेक्शन घेतलं की लगेच चालवता येतं?"

"नाही. आधी हृदयाच्या नळ्यांची तपासणी. त्या किती अरुंद झाल्यात ते बघून डॉक्टर सांगतील. काही आठवडे लागतील, कदाचित महिने."

"बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. पगार हवाच आहे." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी जूनपर्यंत गप्प राहिलो तर तुम्ही कोणाला सांगाल?"

हा प्रश्न येईल हे तिला माहीत होतं आणि येताना तिने त्याचं उत्तर तयारही केलं होतं. आता ते उत्तर तिला तोंडातून काढता येईना. ती त्याच्याएवढ्या वयाच्या शेकडो माणसांच्या शेजारी बसली होती, पण तेव्हा तिच्या पायाजवळ जादा ब्रेक असायचा. इथे तसा ब्रेक नव्हता.

"मला नाही माहीत," ती खरं तेच म्हणाली.

ललित बाहेर गेला. मिनीबसभोवती एक चक्कर मारून आला, ओला कपडा उचलून त्याने पुढची काच पुसली, जी आधीच स्वच्छ होती. मग फोन काढून त्याने मुख्याध्यापकांना लावला. आत ऐकू येत होतं. "सर, दुसरा ड्रायव्हर बघा. उद्यापासून. नाही, भांडण नाही झालं कोणाशी. माझ्या रक्तात दोष निघालाय, वडिलांकडचा. चालवताना काही झालं तर पोरं आहेत मागे." पलीकडून मुख्याध्यापक काहीतरी बराच वेळ बोलले. "हो सर, कळतंय. पण उद्यापासूनच."

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा झाला होता. "त्यांना बदली मिळायला तीन-चार दिवस लागणार. तोवर मुलं घरी."

"माझ्याकडे प्रवासी गाडीचा परवाना आहे," हेमांगी म्हणाली. "डॉक्टरांचा दाखलाही आहे. मुख्याध्यापकांना चालणार असेल तर तेवढे दिवस मी चालवते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "घाट चालवलाय कधी?"

"शिकवते मी."

"शिकवणं वेगळं," ललित म्हणाला, आणि मिनीबसची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

हेमांगीने मुख्याध्यापकांशी बोलून त्यांना सगळी कागदपत्रं पाठवली. रात्रीचा मुक्काम कांताबाईंकडेच झाला. सकाळी ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि ललित शेजारी. कुठल्या पाड्यावर कोण उशिरा येतं, कोणाला उलटी होते म्हणून खिडकीजवळ बसवायचं, कुठे वळणापलीकडे म्हशी हमखास आडव्या येतात, हे तो सांगत गेला. तिला वाटलं होतं तो तिच्या चुका काढेल, पण त्याने एकच सूचना केली, "हॉर्न कमी वाजवा, पोरं झोपलेली असतात." घाटाच्या मध्यावर, जिथे रस्ता डोंगराला अगदी चिकटून जातो, तिथे तो काही सांगता सांगता थांबला.

"इथे," एवढंच म्हणाला.

तिने ती जागा कधी पाहिली नव्हती. करवंदाची जाळी होती, खडकावर कोणीतरी चुन्याने किलोमीटरचा आकडा लिहिला होता. तिने वेग कमी केला. मागे जागी झालेली मुलं पाढे म्हणत होती. थांबण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती थांबली नाही.

बदली ड्रायव्हर आल्यावर ती ललितला घेऊन नाशिकला परतली. तपासणीत त्याच्या हृदयाची एक मुख्य नळी जवळजवळ बंद झालेली निघाली. डॉक्टर इनामदारांनी चित्र दोघांना दाखवलं. "पोती चढवत होतात ना तुम्ही," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्याच्या नळीत जाळी बसवली. दोन दिवसांनी पहिलं इंजेक्शन दिलं. आठवडाभर त्याला डॉक्टरांच्या जवळपास राहायचं होतं. गाडीवर परत कधी जाता येईल ते तीन महिन्यांनी ठरणार होतं. होणारं बाळ मोठं झालं की त्याचंही रक्त बघावं लागेल, पण त्याला पहिल्यापासून उपचार मिळतील, असंही डॉक्टरांनी सांगितलं. ललितने ते दोनदा विचारून घेतलं.

"लॉजवर राहीन मी," दवाखान्यातून बाहेर पडताना तो म्हणाला.

"घर आहे," हेमांगी म्हणाली. तिने आईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय झालं असतं हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला ते अजमावायचंही नव्हतं.

विमलबाईंनी दार उघडलं. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून त्यांचा हात कडीवरच राहिला. ललितने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण मांडीत, जिथून जाळी घातली होती तिथे, कळ आली आणि तो अर्ध्यावरच थांबला.

"राहू दे," विमलबाई म्हणाल्या. "आत ये. उभं राहायचं नसतं अशात."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. हेमांगी मागोमाग गेली, पण त्यांनी तिच्याशी बोलायचं टाळलं. ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, दोडक्याची भाजी कमी तेलात टाकली. ताटं वाढून झाली तेव्हा तिघांना बसायला जागा आहे का याचा अंदाज घेतल्यासारखं त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

ललित खाली मान घालून जेवत होता.

"तुझी आई कशी आहे?" विमलबाईंनी विचारलं.

त्याचा घास हातातच राहिला. "बरी आहे. गुडघे दुखतात."

"माझेही दुखतात." त्यांनी त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढली. मग टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. "त्या दिवशी पहाटे ते तुमच्याकडून निघाले ना. तेव्हा छातीत दुखतंय, घाम येतोय, असं काही म्हणाले होते का?"

हेमांगीने आईकडे पाहिलं. तीस वर्षांत आईने ती पहाट कधी उच्चारली नव्हती.

"मी सहा वर्षांचा होतो," ललित म्हणाला.

"काही खाऊन निघाले होते का? कोणी सांगितलं नाही मला. कोणाला विचारणार होते मी? डेपोतले लोक गाडीचं सांगायचे, ब्रेकचं सांगायचे. निघताना कसे होते ते कोणालाच माहीत नव्हतं." त्या थांबल्या. "ते फक्त तिलाच माहीत असणार."

ललितने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. पलीकडे घंटी वाजत असल्याचं तिघांनाही ऐकू येत होतं.

विमलबाईंनी पदराला हात पुसले. फोन घेतला.

"ललित?" पलीकडून आवाज आला. "काय झालं रे? बोल की."

"मी विमल," त्या म्हणाल्या. "पोरगा बरा आहे. जेवतोय."

पलीकडे शांतता पसरली. विमलबाईंनी फोन कानापासून काढला नाही. मोकळ्या हाताने त्यांनी खुर्ची ओढली, ताट बाजूला सारलं आणि नीट टेकून बसल्या.